पुन्हा घ्या

तीळ ठेवायचा की काढायचा, हे विचारल्याशिवाय त्यानं कधी कुणाच्या चेहऱ्याला हात लावला नाही. पुरळ, दाढी करताना कापल्याची खूण, डोळ्यांखालची वर्तुळं, आदल्या दिवशी रडून आलेली सूज, हे सगळं तो न विचारता पुसायचा. ते माणसाचं नाही, त्या दिवसाचं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. तीळ मात्र माणसाचा. म्हणून स्टुडिओच्या मागच्या खोलीतून तो फक्त मान बाहेर काढायचा, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला तेवढा एकच प्रश्न विचारायचा आणि परत आत जायचा. त्यावरून त्याला तीळमास्तर म्हणू लागले. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं लागायचं, आणि पगार हातात देणारा मालकही त्याला मास्तरच म्हणायचा.

त्या मागच्या खोलीची खिडकी काळ्या कागदानं कायमची बंद केलेली होती. आधी तिथं उतरत्या काचेचं एक मेज होतं, खालून दिवा, वर निगेटिव्ह. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं तो निगेटिव्हवरचे डाग भरायचा. पुढं मेज गेलं आणि संगणक आला. मालकाला वाटलं होतं, मास्तर आता निघून जाईल. तो गेला नाही. हत्यार बदललं, डाग तेच आहेत, म्हणाला, आणि नव्या खुर्चीत जुनी उशी ठेवून बसला.

त्याच्या कामाला कुणी कधी छान म्हटलं नाही. म्हणणार कसं? गिऱ्हाईक स्वतःचा फोटो बघून खूश व्हायचं आणि फोटो काढणाऱ्या मालकाचं कौतुक करायचं. ‘काम दिसलं की काम फसलं,’ असं तीळमास्तर म्हणायचा. हे तो अभिमानानं म्हणायचा की कडवटपणानं, ते त्याच्या बायकोलाही कधी नीट कळलं नाही. दुसरा त्याचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या हातात एकच फोटो पडतो. मालक एका बैठकीत वीस वेळा बटण दाबायचा, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची जीभ बाहेर. ते बाकीचे मास्तर त्याच संध्याकाळी पुसून टाकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडी मूठ दाखवायला स्टुडिओ कशाला हवा, घरात आरसा असतोच.

बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. गाडी कधी येणार, असं दिवसभर लोक विचारायचे आणि ती दिवसभर ‘येईल’ म्हणायची. गाडी वाटेत बंद पडलेली असली तरी ‘येईल’च म्हणायची, कारण खरं सांगितलं की लोक खिडकीवर हात आपटतात. ‘हिनं मला लग्नाला होकारसुद्धा असाच दिला,’ मास्तर पाहुण्यांना सांगायचा. ‘येईन म्हणाली. कधी ते सांगितलं नाही.’ पाहुणे हसायचे. ती हसायची नाही, पण आत जाऊन चहाला आधण ठेवायची, म्हणजे रागावलेली नाही असं समजायचं.

एका नवरीच्या फोटोनं सगळं सुरू झालं. मोठा फोटो होता, भिंतीवर लावायचा. मास्तरनं दुपारभर बसून तो साफ केला, पुढे पाठवला आणि हात धुतले. मालकानं छापायच्या आधी सहज बघितला आणि आत आला. फोटोचा उजवा अर्धा भाग लोण्यासारखा झाला होता. डाव्या अर्ध्या भागात गालावरची पुटकुळी, कपाळावरचा घाम, विस्कटलेली बट, सगळं तसंच होतं. नाकाच्या बरोबर मधून रेघ आखावी तसं.

मालकाला ती थट्टा वाटली. ‘मास्तर, अर्धीच नवरी द्यायची का?’ मास्तरनं पडद्याकडे पाहिलं. त्याला फोटो पूर्ण झालेला दिसत होता. मालकानं डाव्या गालावर बोट ठेवलं तेव्हा कुठं तो गाल त्याच्या नजरेत आला, जणू आत्ताच कुणी तरी तो तिथं आणून ठेवला. मालकाच्या चेहऱ्यावरची थट्टा तिथंच विरली.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. कर्करोगाची. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून काढता येईल तेवढी काढली, मग किरणं दिली, मग गोळ्या. डोक्याच्या उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखा व्रण राहिला. डावी बाजू त्याला पुन्हा दिसू लागली आणि काही महिन्यांत तो अर्धवेळ स्टुडिओत जाऊन बसू लागला. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी लपवलं नाही. अशी गाठ परत येते, म्हणाले. प्रश्न येण्याचा नाही, ती आलेली किती लवकर कळते याचा आहे. लवकर कळली आणि लहान असली, तर पुन्हा काही करता येण्याची शक्यता असते.

त्याच इस्पितळात, मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या बोळाच्या टोकाला, एका खोलीत एक तरुण संशोधक बाई बसायची. तिनं नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. स्कॅनमध्ये गाठ दिसते ती चांगली वाढल्यावर दिसते. त्याच्या आधी माणूस घरात थोडा थोडा बदलत असतो. कप धरताना, जिना उतरताना, हसताना. ते कुणी टिपत नाही. दोन महिन्यांनी इस्पितळात येणारा माणूस कपडे नीट करून येतो आणि पाच मिनिटं चांगला बसतो. तिला ते मधले दिवस हवे होते. शेकडो रुग्णांनी घरूनच रोजची नोंद पाठवली, तर परतीची पहिली खूण कशी असते ते कदाचित ओळखता येईल, मग स्कॅनची वाट बघावी लागणार नाही. ‘तुम्हांला त्याचा उपयोग होईल असं वचन देत नाही, काका,’ ती म्हणाली. ‘पण झालाच तर तुम्हांला होईल, आणि तुमच्यानंतरच्यांना नक्की.’

मनगटावर एक पट्टा बांधायचा होता. तो झोप आणि चालणं आपोआप मोजणार. बाकीचं फोनवर. रोज सकाळी चेहऱ्याचा एक फोटो साधा आणि एक हसताना, मग पडद्यावरच्या गोल गोल रेघेवरून आधी उजवं आणि मग डावं बोट फिरवायचं, मग एक उतारा मोठ्यानं वाचायचा. शेवटचा प्रश्न घरच्या माणसाला होता: आज तुम्हांला यांच्यात काही बदल जाणवला का? हो किंवा नाही.

‘म्हणजे माझा चेहरा कामाला येणार?’ मास्तरनं विचारलं.

‘रोजचा चेहरा. जसा असेल तसा पाठवा.’

इथंच घोटाळा झाला, पण कुणाच्या लक्षात आला नाही. जसं आहे तसं काढा, हे वाक्य मास्तरनं आयुष्यभर ऐकलं होतं. खुर्चीत बसणारं प्रत्येक गिऱ्हाईक हे म्हणतं. तसं काढून दिलं, की तोंड पाडून परत येतं. या वाक्याचा खरा अर्थ फक्त आपल्याला कळतो, अशी त्याची खात्री होती.

 परतताना बसमध्ये तो बायकोला म्हणाला, ‘एवढी वर्षं लोकांची तोंडं धुतली. आपलं तोंड कुणी मागितलं नव्हतं.’ जरा वेळानं पुन्हा, ‘ते नीट झालं पाहिजे.’ तिनं मान हलवली. गाठ लवकर कळली पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय, असं दोघांनाही वाटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यानं जागा केली. पाठीमागच्या खुर्चीवर उशीचा पांढरा अभ्रा पसरला. टेबलावरचा दिवा डाव्या बाजूला ठेवला आणि फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवला. रोज सकाळी दाढी करून, कॉलर सारखी करून तो तिथं बसायचा. फोटो निघाला की पडद्यावर खाली दोन बटणं यायची: पाठवा, आणि पुन्हा घ्या. पहिल्याच दिवशी ते दुसरं बटण बघून त्याला बरं वाटलं. धंदा कळणारं कुणी तरी तिकडे आहे, म्हणाला.

सुरुवातीचे महिने पुन्हा घ्यायला विशेष कारण नव्हतं. केस उडाला, डोळा मिटला, एवढंच. उतारा एका नदीवरच्या पुलाबद्दल होता आणि तो त्याला पाठ झाला होता. बायको भाजी चिरता चिरता त्याच्याबरोबर पुटपुटायची. वाचन अडखळलं तरी पुन्हा घेता यायचं, बोट रेघेबाहेर गेलं तरी घेता यायचं. सगळ्याच्या शेवटी तो फोन तिच्याकडे सरकवायचा आणि ती ‘नाही’ दाबायची.

मग एका सकाळी हसतानाच्या फोटोत ओठांचा डावा कोपरा जरा मागं राहिला. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मास्तरला दिसलं, कारण उभं आयुष्य त्यानं हेच बघण्यात घातलं होतं. त्यानं दिवा थोडा जवळ ओढला आणि पुन्हा घेतला. कोपऱ्याची सावली गेली. पाठवा.

काही दिवसांनी दिवा पुरेना. तेव्हा त्यानं हनुवटी किंचित वळवली. मालकाला तो हे कितीदा सांगत आला होता: एक गाल सुजलेला असेल तर समोरून घेऊ नका, चिमूटभर वळवा. डाव्या हाताचं बोट गोल रेघेवर नीट राहीना, तेव्हा त्यानं कोपर टेबलावर टेकवलं आणि श्वास धरून रेघ काढली, जशी निगेटिव्हवर पापणी काढायचा. कधी पाचव्या वेळी जमायचं, कधी त्याहून उशिरा. चहावर साय धरायची. जमलं की तो खुर्चीत मागं रेलायचा आणि त्याच्या तोंडावर जुनं समाधान यायचं, नवरी पुरी झाल्यावर यायचं तसं.

‘अहो, आज तोंड जरा वाकडं येतंय का?’ बायकोनं एकदा विचारलं.

‘उजेडाचं आहे ते.’

‘दिवा तर तुम्हीच हलवलात.’

‘म्हणून तर सांगतोय, उजेडाचं आहे.’

तिनं बघितलं नव्हतं असं नाही. भाताचं शीत डाव्या ओठाला चिकटून राहायचं आणि त्याला कळायचं नाही. डाव्या पायातली चप्पल दारातच सुटायची. ती ते शीत पुसायची, चप्पल उचलून आणायची आणि सकाळी ‘नाही’ दाबायची. तो शेजारी बसलेला असायचा, फोनकडे बघत. त्याच्या देखत ‘हो’ दाबणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणं, की तुम्ही चाललात. शिवाय एवढ्या वर्षांच्या खिडकीनं तिला शिकवलं होतं, की ‘येईल’ म्हणत राहिलं तर कधी कधी गाडी येतेसुद्धा.

दुसऱ्या गावी दिलेली लेक फोनवर बघून बोलायची. एकदा म्हणाली, ‘आई, बाबा एकाच बाजूनं हसतात गं.’ आईनं सांगितलं, ते पहिल्यापासूनच तसे हसतात, तुझं लक्ष कधी होतं? लेक ओशाळली. त्यानंतर मास्तर लेकीशी चित्र बंद करून बोलायला लागला. नेट नीट येत नाही, म्हणाला.

स्कॅनची तारीख जवळ आली आणि इस्पितळाचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीला वेळ लागणार होता. बाहेरून उसनं मिळालेलं यंत्र सगळ्यांना पुरणारं नव्हतं. डॉक्टरांनी संशोधक बाईला विचारलं, कुणाच्या नोंदींत फरक दिसतोय, त्यांना आधी घेऊ. मास्तरच्या नोंदीत काहीच नव्हतं. तिनं स्वतः फोन केला, म्हणाली, काका, तुमचं इतकं छान चाललंय की तुम्ही थोडं थांबलात तरी चालेल. त्यानं दुसऱ्या दिवशी हे मालकाला सांगितलं, मालकानं पेढीवर बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांना सांगितलं. मास्तर त्या दिवशी आतल्या खोलीच्या चौकटीला डावा खांदा आपटून आत गेला. चौकट जुनीच होती आणि तो तिच्यातून रोज जात होता.

बायकोनं तो फोन ऐकला होता. त्या वेळी तिनं बोलायला तोंड उघडलं होतं. पण तो इतका खूश होता. आणि इतक्या शिकलेल्या मुलीला काही दिसत नाही म्हणजे नसेलच, असं तिनं स्वतःला समजावलं. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि काडी किती बारीक आहे ते बुडता माणूस बघत नाही.

यंत्र दुरुस्त व्हायच्या आधीच एका सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला. सदऱ्याची उजवी बाही हातात, डावी पाठीमागं लोंबत होती. गळ्याचं बटण लावलेलं होतं. तसाच येऊन तो खिडकीशी बसला आणि त्यानं दिवा लावला. तिनं त्याच्याकडे बघितलं. तयार झालेल्या माणसाची सगळी ऐट त्याच्या चेहऱ्यावर होती, आणि अर्धा सदरा रिकामा. त्यानं फोटो घेतला, नेहमीपेक्षा लवकर पाठवला आणि फोन तिच्याकडे सरकवला. तिनं ‘हो’ दाबलं.

दुपारच्या आत इस्पितळातून फोन आला. एवढं सोपं होतं ते.

उसन्या यंत्रावर बघितलं, तर गाठ परत आली होती आणि चांगली वाढली होती. आता शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही, डॉक्टर म्हणाले. दोन महिने आधी कळलं असतं तर? बायकोनं विचारलं. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. सांगता येत नाही, म्हणाले. हे उत्तर तिच्या ओळखीचं होतं. ती रोज देत होती.

मग ती दोघं बोळाच्या टोकाच्या खोलीत गेली. संशोधक बाईनं पडद्यावर त्याच्या सगळ्या महिन्यांच्या नोंदींचा आलेख उघडून ठेवला होता. सपाट रेघ. शेवटच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली.

‘काका, असं होत नाही. माझ्याकडे एवढे लोक आहेत, चांगल्या तब्येतीच्या माणसाची रेघसुद्धा इतकी सरळ नसते. फक्त पट्ट्याचे आकडे हळूहळू उतरत गेलेत. मला वाटलं, पट्टा सैल बसतो.’ ती थांबली. ‘तुम्ही रोज हे कसं करायचात, मला सांगाल?’

त्यानं सांगितलं. जीभ जड झाली होती तरी नीट, क्रमानं सांगितलं, कारण कामाबद्दल त्याला असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. अभ्रा, दिवा, हनुवटी, कोपर. खराब निघालेलं त्यानं एकही पाठवलं नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो तिच्या डाव्या खांद्यापलीकडे कुठं तरी बघून बोलत होता.

‘मला ते खराबच हवे होते, काका,’ ती म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता. बायकोला आधी कळलं. त्याला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यानं धंद्यातला माणूस विचारेल तेच विचारलं. पुसलेले कुठं शिल्लक असतात का? आमच्याकडे निगेटिव्ह होत्या तेव्हा पेटीत सगळं राहायचं.

नाही, ती म्हणाली. फोनवरून पुसलं की गेलं. हात थरथरणाऱ्या लोकांची तक्रार होती, म्हणून ‘पुन्हा घ्या’चं बटण तिनंच सांगून ठेवून घेतलं होतं. कुणी फार तर दुसऱ्यांदा घेईल, असं धरलं होतं. आता त्याची नोंद अभ्यासातून काढावी लागणार होती. ठेवली, तर नोंदी तपासणारा संगणक शिकेल की गाठ अशी काहीच खूण न दाखवता येते. 

बसमध्ये तो खिडकीशी बसला. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, ‘तुला दिसत होतं.’

‘हो.’

‘मग दाबलं का नाहीस?’

‘तुम्ही शेजारी बसला होतात.’

‘मी उठून गेलो असतो.’

‘तुम्ही? तुम्ही माझ्या बोटाकडे बघत बसायचात. एकदा तरी म्हणालात का, बाई, तुला काय दिसतं ते सांग?’

 बस थांब्यांवर थांबत राहिली. आपापल्या परीनं दोघांनी एकच पाप केलं होतं, त्यामुळं कुणी कुणावर रागावायलाही जागा उरली नव्हती. उतरताना तिनं त्याची डावी बाजू धरली. तिथं तिनं धरलंय हे त्याला कळलं नसावं.

त्यानंतरही त्यानं रोज पाठवायचं ठरवलं. तिनं संशोधक बाईला फोन करून विचारलं, आता पाठवलेलं चालेल ना? चालेल, ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून पुढचंही म्हणाली: शेवट कसा दिसतो ते आमच्याकडे पुष्कळ आहे, काकू. सुरुवात कमी आहे. वरातीमागून घोडं, असा त्याचा अर्थ. बायकोनं नवऱ्याला ‘चालेल’ एवढंच सांगितलं.

अभ्रा खुर्चीवरून काढला. दिवा कपाटात गेला. तो खाटेवर आडवा असायचा, उजव्या हातात फोन धरून एकदाच बटण दाबायचा आणि पाठवायचा. कधी छत यायचं, कधी कान. बहुतेक वेळा चेहऱ्याचा डावा अर्धा भाग चौकटीच्या बाहेर राहायचा. एक डोळा, अर्धं नाक, हसतोय की नाही ते न कळणारा अर्धा ओठ. हात पुढं करून फोन जरा सरकवावा, असं तिला रोज वाटायचं. तिनं सरकवला नाही. ती फक्त शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ दाबायची, आणि तो तिच्या बोटाकडे बघायचा नाही. असे काही आठवडे गेले. मग पाठवणारा राहिला नाही.

मालक घरी येऊन रडला. त्यानं तिच्याकडे एक फोटो मागितला, स्टुडिओत लावायला. तिनं फोनमधला, मास्तरनं आजारात स्वतः काढलेला, त्यातल्या त्यात पूर्ण चेहऱ्याचा एक दिला. डावीकडून ओठ लोंबलेला, गाल घसरलेला. याला हात लावू नका, म्हणाली. मालकानं मान हलवली. पुढं ती त्या रस्त्यानं गेली तेव्हा तो फोटो पेढीच्या वर लावलेला होता. ओठ सरळ होता. गाल वर आला होता. मास्तरच्या हाताखाली शिकलेला पोरगा आता मागच्या खोलीत बसत होता आणि त्यानं जीव ओतून काम केलं होतं. ‘त्यांचं तोंड वाकडं कसं लावायचं, वहिनी?’ मालक म्हणाला. तिनं जवळ जाऊन नीट पाहिलं. कुठं काही केल्याचं दिसत नव्हतं. गालावरचा त्याचा तीळ ठेवलेला होता. तिला वाद घालायचं बळ नव्हतं, आणि काम चांगलं होतं.

मनगटाचा पट्टा परत करायचा राहिला होता. ती इस्पितळात गेली तेव्हा संशोधक बाईनं तिला बसवलं आणि दोन्ही हातांनी पट्टा घेतला. मास्तरची नोंद अभ्यासात नाही, हे तिनं पुन्हा सांगितलं नाही, ते दोघींना ठाऊक होतं. एवढंच म्हणाली, की ते बटण काढून टाकलंय. आता कुणाच्याच फोनवर नसतं. काढायचं कारण काय म्हणून वरून विचारलं तेव्हा तिनं सगळं लिहून दिलं, नाव न घालता, कारण कुणाचंही नाव घालायचं नसतं.

‘म्हणजे कुणाला कळणार नाही,’ बायको म्हणाली.

‘नाही.’

बाहेर बोळात एक बाई फोन तोंडासमोर धरून बसली होती. डोक्याला रुमाल, रुमालाखाली ताजी पट्टी. तिला नुकतंच सगळं समजावून दिलेलं असावं. फोटो बघून तिनं तोंड वाकडं केलं आणि पडद्यावर खालीवर बोट फिरवत राहिली. मग मास्तरच्या बायकोच्या अंगावरच्या डेपोच्या गणवेशाकडे पाहून, ही इथलीच कुणी असेल असं तिला वाटलं.

‘ताई, हे परत कसं घ्यायचं?’

‘परत घेता येत नाही.’

‘पण बघा ना, काय ध्यान दिसतंय.’

मास्तरच्या बायकोनं वाकून फोटो पाहिला. उजवा डोळा अर्धवट मिटलेला, ओठ कोरडे, मागं मोडक्या खुर्च्या. खिडकीतून ती लोकांना जे सांगायची ते तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

‘ध्यानच दिसतंय,’ ती म्हणाली. ‘पाठवा.’